टोनी हॉक ३+४: चौथ्या भागाला दोन मिनिटांचं घड्याळ लावलं, हे मला पटलेलं नाही

सिडकोकर

'टोनी हॉक्स प्रो स्केटर' या स्केटबोर्डिंगच्या व्हिडिओगेम मालिकेतल्या तिसऱ्या आणि चौथ्या भागाचा एकत्र रिमेक, '३+४', ११ जुलै २०२५ ला आला, आणि आमच्या नाशिकच्या मित्रमंडळात त्यावरून अजून वाद मिटलेला नाही. म्हणून माझं म्हणणं इथे नीट मांडतो.

पहिल्या दोन भागांचा रिमेक २०२० साली व्हिकेरियस व्हिजन्सने केला होता. तो स्टुडिओ पुढे ब्लिझार्डमध्ये विलीन झाला आणि हे काम आयर्न गॅलेक्सीकडे गेलं. खेळताना हाताला काहीच खटकत नाही, बोर्ड अगदी हवा तसा वळतो. माझी तक्रार चौथ्या भागाचं जे केलंय त्याबद्दल आहे.

सीक्वेल जोखताना मी एकच गोष्ट बघतो: आधी खेळ कुठे तुटत होता आणि नव्या भागाने तो कुठे सांधला? पहिल्या भागात, १९९९ साली, सपाट जमिनीवर उतरलात की कॉम्बो, म्हणजे न थांबता जोडलेल्या ट्रिकची साखळी, संपला. २००० च्या दुसऱ्या भागात मॅन्युअल आलं. दोन चाकांवर तोल सांभाळत पुढच्या रेलिंगपर्यंत जाता यायला लागलं. तरी उभ्या रॅम्पवरून खाली आलं की साखळी तुटायचीच. २००१ च्या तिसऱ्या भागात रिव्हर्ट आला, म्हणजे रॅम्पवर उतरताच बोर्ड फिरवून साखळी चालू ठेवायची, आणि तेही सांधलं गेलं. २००२ च्या चौथ्यात स्पाइन ट्रान्सफर आला, म्हणजे पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन रॅम्पांपैकी एकावरून उडून थेट दुसऱ्यावर उतरायचं. पण चौथ्याने सांधलेली सगळ्यात मोठी फट वेगळीच होती. करिअर मोडमध्ये प्रत्येक फेरी दोन मिनिटांत संपवणारं घड्याळ त्याने काढून टाकलं. कॉलेजच्या आवारात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारांवर हवं तितकं फिरा. कुणी भेटलं की थांबा, त्याचं काम ऐका, जमलं तर करा.

रिमेकने नेमकं तेच उलटं फिरवलं. दोन मिनिटं परत आणली, कामांची यादी आधीच हातात दिली. प्राणिसंग्रहालयाची लेव्हल तर स्पर्धेची केली, आणि तिथले प्राणीच गायब. कार्निव्हल आणि शिकागो या लेव्हल घेतल्याच नाहीत. तिसरा भाग मला पूर्ण मान्य आहे. पण चौथ्याला तिसऱ्याचे कपडे घातलेत.

पंचवटी_एक्सप्रेस

अजिबात सहमत नाही. घड्याळ हाच या मालिकेचा प्राण आहे.

फेरी संपत आलीय, आकडा शून्यावर आलाय, पण कॉम्बो चालू असेपर्यंत खेळ तुम्हाला थांबवत नाही. ते शेवटचे क्षण आठवा. तोलाची पट्टी थरथरतेय, कॉम्बो जितका लांबवाल तितकं सावरणं अवघड होतंय, आणि पडलात तर सगळे गुण गेले. ही थरथर घड्याळाशिवाय कुठून आणणार? रिव्हर्ट आणि मॅन्युअल दोन्ही हाताशी असल्यावर चांगला खेळाडू वाटेल तितकी लांब साखळी करतो. मग त्याला लगाम कशाचा?

आणि दादा, चौथ्या भागात घड्याळ नव्हतं हे अर्धंच खरं आहे. काम स्वीकारलं की बहुतेक वेळा त्या कामापुरतं घड्याळ लागायचंच. चुकलात की परत सुरुवातीपासून. मधल्या वेळात नुसती पायपीट, हा कुठे उभा आहे, तो कुठे उभा आहे. ती पायपीटच पुढे वाढत गेली आणि मालिका स्केटिंगपासून लांब गेली. आयर्न गॅलेक्सीने दोन खेळ एका नियमाखाली आणले, मला तरी ते धाडसाचं वाटतं.

सिडकोकर

पायपीट म्हणताय, ते स्केटिंगच होतं ना! माणूस शोधत जाताना वाटेतली प्रत्येक कड, प्रत्येक कठडा पायाखाली यायचा. जागा ओळखीची व्हायची ती तशीच. सिडकोतल्या एका गाळ्यात तासावर पैसे देऊन आम्ही हे पीसीवर खेळायचो, कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांवर बोटं ठेवून. पैसे तासाचे मोजले जात होते, तरी गुण मिळवायची घाई नसायची. अल्काट्राझच्या लेव्हलभर नुसतं भटकताना एखादी नवी वाट सापडली की शेजारच्या खुर्चीवरचा पोरगा उठून बघायला यायचा.

मृण्मयी_इंदिरानगर

मी जुने भाग खेळलेले नाहीत. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ब्राझीलच्या १३ वर्षांच्या रायसा लियालने स्केटबोर्डिंगचं रौप्यपदक जिंकलेलं पाहिलं, तिथून हा नाद लागला. या खेळात ती आहे म्हणूनच घेतला.

मला दोन मिनिटं सोयीची वाटतात. ऑफिसमधून आल्यावर चार फेऱ्या खेळता येतात. आणि तुम्ही दोघेही एक गोष्ट बोलत नाही आहात: सेटिंगमध्ये फेरीची वेळ वाढवता येते. सिडकोकर, ती वाढवा आणि भटका. मग अडचण काय उरते? वॉटरपार्क आणि पिनबॉल या नव्या लेव्हलसुद्धा मला जुन्यांच्या तोडीच्या वाटल्या. २००२ मध्ये काय होतं यावर २०२५ च्या खेळाचे गुण का कापायचे?

सिडकोकर

मृण्मयीताई, वेळ वाढवता येते हे खरं आहे आणि ती सोय चांगलीच आहे. पण वेळ वाढवल्याने ती माणसं परत येत नाहीत. चौथ्या भागात लेव्हल हळूहळू उलगडायची, एक काम झालं की दुसरं उघडायचं, कधी त्यासाठी आख्खी जागाच बदलायची. इथे यादी तीच, फक्त घड्याळ लांबलंय. आणि २००२ मधलं काय होतं ते मी उगाच काढत नाहीये. खेळाच्या नावातच ४ आहे.

चाकं_५२_मिमी

मी खरा बोर्ड चालवतो, त्यामुळे थोडं वेगळं सांगतो.

नाशकात स्केटिंगला जागा शोधणं हेच निम्मं काम आहे. छोटी कडक चाकं पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतात आणि बोर्ड जागीच थांबतो, तुम्ही पुढे जाता. गोदाघाटाच्या दगडी पायऱ्या बघून हात शिवशिवतात, पण तिथे सतत वर्दळ आणि ती जागाही त्यासाठी नाही. मग एखाद्या बंद दुकानासमोरची गुळगुळीत फरशी सापडते. आधी हाताने चाचपायची, खडे झाडायचे, मग एकच ट्रिक पुन्हा पुन्हा. त्यामुळे चौथ्या भागातलं थांबणं, हिंडणं मला खऱ्या स्केटिंगच्या जास्त जवळचं वाटतं.

पण पंचवटी म्हणतोय त्यातही दम आहे. वॉचमन शिट्टी मारत येतो तेव्हा शेवटची एक ट्रिक ज्या जिवाने मारली जाते, तशी दिवसभरात एकही होत नाही.

पंचवटी_एक्सप्रेस

तेच तर म्हणतोय मी. शिट्टी हवीच.

प्राण्यांबाबत मात्र मी आयर्न गॅलेक्सीची बाजू घेणार नाही. रिकामे पिंजरे बघून वाईट वाटतं. जुन्या गाण्यांपैकी बरीच गाळली तेही लागलं. पण त्यावरून चौथा भाग मेला असं म्हणणं अन्याय आहे. लंडनच्या चौकात किंवा शिपयार्डमध्ये आज मी ट्रिक जोडत ज्या वाटा काढतोय, त्या मूळ खेळात मला सुचल्याच नव्हत्या, कारण तिथे घाई नसल्यामुळे मी सोप्या वाटेने जायचो.

मृण्मयी_इंदिरानगर

एक विचारू? मूळ चौथा भाग खेळायला मिळेल का कुठे? तुम्ही दोघं ज्यावर भांडताय ते मी पाहिलेलंच नाही.

सिडकोकर

माझ्या जुन्या पीसीवर अजून चालतो. रविवारी संध्याकाळी या, पंचवटीलाही घेऊन या. आधी मूळ प्राणिसंग्रहालय खेळा, मग लगेच रिमेकमधलं, दोन्ही एकाच बैठकीत. मी मध्ये काही बोलणार नाही.

पंचवटी_एक्सप्रेस

येतो. पण रिमेकची फेरी दोन मिनिटांचीच ठेवायची, वाढवायची नाही.

सिडकोकर

ठीक. आणि मूळची विनाघड्याळ.