मजुरी स्वस्त असूनही आपला वस्त्रोद्योग का अडतो?

प्रश्न (डिचोली)
माझे वडील मूळचे पेडण्याचे. परळच्या एका गिरणीत ते साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात होते आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर कायमचे गावी परतले. मजुरी वाढली म्हणून गिरण्या बुडाल्या, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण स्वस्त मजुरीच निर्णायक असती, तर कापूस पिकवणारा आपला देश तयार कपड्यांच्या निर्यातीत बांगलादेशाच्या मागे पडला नसता. तो देश तर जवळजवळ सगळा कापूस बाहेरून आणतो. मग आपल्याकडे नेमके अडते कुठे?

उत्तर (वास्को)
तयार कपड्यांच्या निर्यातीत माझी बावीस वर्षे गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. २००० च्या वस्त्रोद्योग धोरणापर्यंत तयार कपडे शिवण्याचे काम आपल्याकडे लघुउद्योगांसाठी राखीव होते, आणि त्यामुळे ज्या काळात बांगलादेशात एका छपराखाली हजारो शिलाई यंत्रे बसत होती, त्या काळात आपले कारखाने मुद्दाम लहान ठेवले जात होते. कोणत्या देशाने किती कपडे निर्यात करायचे याची मर्यादा ठरवणारी जागतिक कोटा पद्धत १ जानेवारी २००५ रोजी संपली, तेव्हा परदेशी खरेदीदाराला एकाच मापाचे लाखो नग ठरलेल्या तारखेला हवे होते, आणि ते देण्याइतकी आपली तयारी नव्हती. शिवाय अल्पविकसित देश म्हणून बांगलादेशाचा माल युरोपात २००१ पासून शुल्काविना जातो, तर आपल्या मालावर तिथे शुल्क बसत आले. मजुरीचा क्रमांक माझ्या मते यानंतर लागतो.

उत्तर (मडगाव)
वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र शिलाईच्या आधीचा टप्पा त्यात सुटला. जगाची मागणी कृत्रिम धाग्याकडे वळली असताना आपण कापसालाच धरून राहिलो. त्यात जीएसटी आल्यानंतर बराच काळ कृत्रिम तंतूवर १८, सुतावर १२ आणि कापडावर ५ टक्के असा उलटा कर होता, म्हणजे विणणाऱ्याचे भांडवल आधी भरलेल्या जादा कराच्या परताव्याच्या प्रतीक्षेत अडकून पडे. सप्टेंबर २०२५ मध्ये तिन्ही दर ५ टक्क्यांवर आले, ही खरोखर दिलासा देणारी गोष्ट आहे. तरीही इचलकरंजीचा खर्चीवाला यंत्रमागधारक अजून दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणतो. नवा माग घेण्याइतके त्याच्या हाती काही उरत नाही.

उत्तर (म्हापसा)
गोव्यापुरते एवढेच सांगते, की लाल-पांढऱ्या चौकड्यांची कुणबी साडी फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी पुन्हा लोकांसमोर आणली, पण ती विणायला इथे सूतगिरणी नाही आणि माग चालवणारे हातही फार थोडे उरले आहेत. मागणी निर्माण होऊनही माल वाढत नाही, हे मी दुकानात रोज अनुभवते.

प्रश्नकर्ता (डिचोली)
सर्वांचे मनापासून आभार. ही उत्तरे वडिलांना वाचून दाखवली. त्यांच्या गिरणीत एका दाराने कापसाच्या गाठी आत येत आणि दुसऱ्या दाराने रंगवलेले कापड बाहेर पडे. संपानंतर तेच विणकाम भिवंडीच्या यंत्रमागांवर विखुरले गेले, असे ते म्हणाले.