एकाच वर्षी दोन संघटना: समूह-मानसोपचाराचं श्रेय नक्की कुणाचं?

आडमुठा (धागाकर्ता)
१९४२ साली अमेरिकेत समूह-मानसोपचाराच्या दोन संघटना निघाल्या. एक जेकब मोरेनोची, सायकोड्रामावाल्यांची (म्हणजे रुग्णाने आपली अडचण नाटकासारखी वठवून दाखवायची). दुसरी सॅम्युअल स्लॅवसनची. तीच आजची अमेरिकन ग्रुप सायकोथेरपी असोसिएशन. लोकांना गोलात बसवून बोलतं करणाऱ्या या दोघांचं आपसात मात्र विळ्याभोपळ्याचं सख्य. माझ्या मते ही फूट निव्वळ अहंकाराची. आणि श्रेय मोरेनोचंच. 'ग्रुप थेरपी' हा शब्द त्याने १९३२ मध्येच फिलाडेल्फियात मानसोपचारतज्ज्ञांपुढे मांडला होता. शिवाय तो डॉक्टर. स्लॅवसन शिकलेला इंजिनिअर!

ठोंब्या
इंजिनिअर होता म्हणून काय झालं? न्यूयॉर्कमध्ये १९३४ पासून त्याने मुलांचे गट चालवले. सात-आठ मुलं, लाकूड, रंग, हातोड्या, शेवटी सगळ्यांचं एकत्र खाणं. थेरपिस्ट खोलीतच, पण मुलं भांडली तरी लगेच मध्ये पडायचं नाही. मुलंच एकमेकांना ताळ्यावर आणतात, यावर सगळी भिस्त. हे कुठल्या डॉक्टराला सुचलं होतं?
आणि फूट पद्धतीची होती हो. मोरेनोला रंगमंच हवा, प्रेक्षक हवेत. स्लॅवसन फ्रॉइडच्या, म्हणजे मनोविश्लेषणाच्या वळणाचा. एका संघटनेत राहिले असते तर दर बैठकीला हाणामारी. वेगळे झाले म्हणून १९५१ मध्ये स्लॅवसनच्या संपादनाखाली असोसिएशनचं नियतकालिक निघालं, आणि ते अजून चालू आहे.

रिकामटेकडी
दोघांनाही विसरा. बोस्टनचे डॉ. जोसेफ प्रॅट १९०५ मध्ये क्षयरोग्यांचे साप्ताहिक वर्ग घेत होते. प्रत्येकाने ताप, विश्रांती, आहार वहीत टिपून आणायचा. ज्याचं वजन वाढलं त्याला बघून बाकीच्यांना उभारी यायची.

आडमुठा
तो आरोग्यशिक्षणाचा वर्ग होता, ताई. मानसोपचार करायला प्रॅट निघालेच नव्हते.

रिकामटेकडी
निघाले नव्हते, पण झाला तोच! नंतर प्रॅटनी स्वतःच मानसोपचाराचा तो धागा पकडला. आणि संस्थापकांची भांडणं काय उगाळताय? या क्षेत्राला बळ दिलं ते दुसऱ्या महायुद्धाने. मनाने खचलेले सैनिक ढिगाने, तज्ज्ञ मूठभर. गट करण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. ब्रिटनमध्येही मानसोपचारतज्ज्ञ फाउक्स नॉर्थफील्डच्या लष्करी रुग्णालयात हेच करत होते.

आडमुठा
युद्ध मान्य. पण १९७३ मध्ये झुरिचला आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिच्यामागे कोण? मोरेनो.

ठोंब्या
म्हणजे तिसरी संघटना! आणि वर म्हणे, फूट वाईट.