प्रतिसाद: एक्सपीवरील पायथन आणि पिपची अडचण
विंडोज एक्सपी या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या संगणक प्रणालीवर पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या ३.४ आवृत्तीपुढे जाता येत नाही, तेव्हा संगणकच बदला, असे वरच्या लेखात म्हटले आहे. त्यातली पहिली गोष्ट बरोबरच आहे. २०१५ मध्ये आलेल्या ३.५ पासून एक्सपीवर चालण्याची सोय बंद झाली. मात्र त्यावरून ‘संगणकच बदला’ असे सांगणे मला घाईचे वाटते. नागपुरात इतवारीतील एका ठोक धान्य दुकानात काट्याचे वजन टिपून पावती छापणारा एक्सपीचा संगणक अजून कामात आहे, आणि चालू यंत्र मालक मोडीत काढणार नाहीत.

खरी अडचण भाषेपेक्षा पिपची, म्हणजे पायथनची पॅकेजे (तयार कोडचे संच) उतरवून बसवणाऱ्या साधनाची आहे. ३.४.४ सोबत येणारे पिप ७.१.२ हे कोणते पॅकेज पायथनच्या कोणत्या आवृत्तीसाठी आहे ही नोंद पाहतच नाही (ती सोय पिप ९ पासूनची), त्यामुळे ते डोळे झाकून सर्वांत नवी आवृत्ती उतरवते, मग ती ३.४ वर चालो वा न चालो. पिप अद्ययावत करायला जावे, तर नवे पिप बसते खरे, पण लगेच ‘सिंटॅक्स एरर’ (कोडची रचना न कळल्याची चूक) देऊन बंद पडते. म्हणून आवृत्ती नमूद करून १९.१.१ बसवावे, ३.४ वर चालणारे ते शेवटचे पिप. तसेही एक्सपी इंटरनेटला जोडणे धोक्याचेच, तेव्हा व्हील फाइली (बसवायला तयार असलेली पॅकेजे) दुसऱ्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हने न्याव्यात.