लाल-काळे-पिवळे पट्टेवाला साप, विषारी कोरल स्नेक आहे का?

अंगणातली_आई
आम्ही अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात सवानाजवळ राहतो. काल संध्याकाळी मागच्या अंगणातल्या कुजलेल्या पाइनच्या ओंडक्याची साल ओढली तर आत हा वेटोळं करून बसलेला, दीडेक फूट लांब, जेमतेम पेन्सिलीएवढा जाड, अंगभर लाल, काळे, पिवळे पट्टे. नवरा फावडं घेऊन धावला, मी थांबवलं, पण लेक ६ वर्षांची आहे म्हणून जीव खालीवर होतोय. फोटो टाकलाय, प्लीज सांगा.

रानभटक्या
ताई, मारलं नाहीत ते फार बरं केलंत. हा स्कार्लेट किंगस्नेक, पूर्ण बिनविषारी. फोटो झूम करून बघा, तोंड लाल आहे आणि लाल पट्ट्याला दोन्हीकडून काळा चिकटलाय. तुमच्याकडच्या कोरल स्नेकचं तोंड काळं असतं आणि लालला पिवळा लागून असतो. पण ही खूण तिकडच्यापुरतीच, दक्षिण अमेरिकेतल्या कोरल स्नेकला लावायला गेलात तर घात होईल. आणि खूण पटली तरी हात लावायचा नाही, कोरल चावला तर कधीकधी कित्येक तास काहीच जाणवत नाही, म्हणून वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं. जॉर्जियात बिनविषारी देशी साप मारणं कायद्यानेही गुन्हा आहे.

कोकणकडा
आपल्याकडे बिनविषारी कवड्या सापाचं हेच होतं, विषारी मण्यार समजून बिचाऱ्याला ठेचतात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारचं बरोबर उलटं. दोघंही रात्री फिरतात, कवड्या पालींच्या मागे भिंतीवरसुद्धा चढतो, त्यामुळे अंधारात भल्याभल्यांची फसगत होते.

अंगणातली_आई
हुश्श! खूप खूप आभार. पण हा खातो काय, आणि घरात येईल का?

रानभटक्या
मुख्यतः सापसुरळ्या, शिवाय छोटे साप, क्वचित उंदराची पिल्लं. भक्ष्याला विळखा घालून आवळतो. दिवसभर सालीखाली नाहीतर पाल्यात दडून असतो, रात्री बाहेर पडतो, त्यामुळे वर्षानुवर्षं अंगणात असूनही दिसत नाही. घाबरला की शेपटी थरथरवतो, बाकी माणसाच्या वाटेला जात नाही. घरात चुकून शिरू शकतो, तेव्हा दाराखालच्या फटी तेवढ्या बुजवा. आणि तो ओंडका हलवू नका, त्याचं घर आहे ते.

अंगणातली_आई
साल होती तशी परत टेकवून ठेवली. लेकीला लांबूनच दाखवलं, आता ती चित्रात त्याचं तोंड आठवणीने लाल रंगवतेय.