इरोक्वॉय लोकांचं स्वतःचं स्टेट झालं असतं का? आणि त्यांना म्हणायचं काय?

गुहागरचो_झील: नमस्कार मंडळी, गावच्या एकांकिकेसाठी 'असं झालं असतं तर' टाइप गोष्ट लिहितोय. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इरोक्वॉयांचं, म्हणजे तिथल्या मूळच्या काही राष्ट्रांच्या संघाचं, वेगळं स्टेट युनियनमध्ये येऊ शकलं असतं का? आणि स्क्रिप्टमध्ये सगळीकडे रेड इंडियन आहे, डायरेक्टर काका म्हणतात पब्लिकला तेच कळतं, पण मला ते खटकतंय.

रत्नागिरीची_ताई: खटकतंय ना, मग काढूनच टाक. कातडीच्या रंगावरून कोणाला हाक मारायची नसते. ते स्वतःला हौडेनोशौनी म्हणतात, त्यांच्या लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू खेळायचा खेळ) टीमनेही २०२२ मध्ये इरोक्वॉय काढून तेच नाव घेतलं. आणि संघातल्या राष्ट्रांची नावंही वेगळी आहेत, पात्र मोहॉक असेल तर मोहॉकच लिही, सेनेका असेल तर सेनेका. आपल्याकडे कातकरी शब्द शिवीसारखा वापरणारे कमी आहेत का, त्या माणसांना काय वाटत असेल याचा विचार कोण करतं.

देवगडकर: स्टेटची कल्पना हवेतली नाही हां. १७७८ च्या फोर्ट पिटच्या तहात लेनापे (डेलावेअर) या दुसऱ्या मूळ लोकांना पुढेमागे स्टेट आणि काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकन संसदेत, प्रतिनिधी मिळू शकेल असं लिहिलं होतं, झालं काहीच नाही. १९०५ मध्ये मूळ लोकांच्या सेक्वोया नावाच्या स्टेटसाठी घटनासुद्धा तयार केली, काँग्रेसने दाद दिली नाही आणि १९०७ ला ओक्लाहोमा झालं. हौडेनोशौनींचं अजून अवघड, स्वातंत्र्ययुद्धात त्यांच्यातच फूट, ओनायडा राष्ट्रातले बरेचसे अमेरिकनांकडे, मोहॉक-सेनेका बहुतेक ब्रिटिशांकडे, १७७९ मध्ये अमेरिकन सेनापती सलिव्हनच्या फौजेने गावं आणि उभा मका जाळला, आणि युद्ध संपवणाऱ्या १७८३ च्या पॅरिस तहात ब्रिटिशांनी त्यांचा उल्लेखही केला नाही.

पण त्यांना स्टेट हवं होतं का, हे आधी विचार. १७९४ चा कॅनन्डेग्वाचा तह त्यांनी अमेरिकेशी राष्ट्र म्हणून केला, १९२३ मध्ये डेस्काहे हे कायुगा राष्ट्राचे नेते राष्ट्रसंघाकडे दाद मागायला जिनिव्हाला गेले, आणि २०१० मध्ये ब्रिटनने त्यांच्या स्वतःच्या हौडेनोशौनी पासपोर्टवर प्रवेश नाकारला तर लॅक्रॉस टीमने वर्ल्ड चॅम्पियनशिप सोडली पण अमेरिकन पासपोर्ट घेतला नाही. अशा लोकांना वेगळं स्टेट देऊन खूश करायचं म्हणजे त्यांचं म्हणणंच कापलं.

मालवणी_काकी: माका वाटता, नाटकात बायो घाल रे. त्यांच्यात पुढारी निवडूचो आणि काढूचो हक्क कुळाच्या बायांका असता.

गुहागरचो_झील: काकी, ताई, दादा, थँक्यू! मग ठराव काँग्रेसमध्ये नाही, ओनोंडागाच्या, म्हणजे त्यांच्या संघाच्या, सभेत मांडतो, आणि बाया तो फेटाळतात. काकांना आज रात्री तालमीत सांगतो.