मदत हवी आहे: मूल आत्ता, की नवी नोकरी स्थिरावल्यावर?

माझे वय ३४, यजमानांचे ३७. मूल हवे यावर दोघांचे एकमत आहे. अडले आहे ते केवळ ‘केव्हा’ यावर. पुण्यातील एका कंपनीची चांगली ऑफर आली असून तेथे पहिले सहा महिने प्रोबेशन आहे. रक्ततपासणीत माझा एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याशी निगडित संप्रेरक) १.१ आला आहे. फ्रीजच्या दारावर चुंबकाने लावलेला तो अहवाल दूध काढतानाही समोर येतो. या तपासणीतून स्त्रीबीजांच्या संख्येचा अंदाज येतो, दर्जाचा नाही, हे डॉक्टरांनी समजावले, तरी ‘फार थांबू नका’ असेही त्या म्हणाल्या. सोनोग्राफी, थायरॉईड आणि यजमानांची तपासणी ठीक आहे. बीजे गोठवण्याचा खर्च झेपणारा नाही. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या १२ महिन्यांत त्या कंपनीत ८० दिवस काम झाले असल्यास पहिल्या अपत्यासाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, हे मी वाचले आहे. परंतु प्रत्यक्षात काय घडते, ते कायद्याच्या पुस्तकात नसते. (सासूबाईंचे मत मला पाठ आहे, ते कृपया पुन्हा नको.) प्रोबेशनमध्येच गरोदर राहिलेल्यांनी ही बातमी वरिष्ठांना कोणत्या महिन्यात, लेखी की तोंडी कळवली, आणि त्यानंतर त्यांचे कायम होणे लांबले का?