मदत हवी आहे: मॅरिनर्सचा २०२६ चा संघ आम्हाला भरता येत नाहीये

२४ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

क्रिकेटच्या धाग्यांवर अमेरिकेतले बरेच आयडी दिसतात. त्यांतले काही बेसबॉलही बघत असतील या आशेने विचारते आहे.

मी सिॲटलजवळ बॉथेलला राहते. मुलगा बारा वर्षांचा आहे, लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉलमध्ये) सेकंड बेसला खेळतो. त्याच्यामुळे यंदा एप्रिलपासून आम्ही मॅरिनर्स या इथल्या बेसबॉल संघाचे जवळजवळ सगळे सामने पाहिले. जूनमध्ये सांगलीहून सासरे आले. त्यांचा जन्म क्रिकेट बघण्यात गेला, पण महिन्याभरात तेही संध्याकाळी सात वाजता सोफ्यावर जागा धरून बसायला लागले. कॅल रॅलीचा साठावा होम रन (आपल्या षटकारासारखा फटका) आम्ही तिघांनी एकत्र पाहिला. डेट्रॉइटविरुद्धचा निर्णायक पाचवा सामना नेहमीच्या नऊऐवजी पंधरा इनिंग चालला आणि होर्हे पोलांकोच्या फटक्यावर आपण जिंकलो, त्या रात्री घरात कुणीही वेळेवर झोपलं नाही. आणि २० ऑक्टोबरला टोरांटोत, जिंकलो तर वर्ल्ड सिरीज (अंतिम मालिका) अशा सातव्या सामन्याच्या सातव्या इनिंगमध्ये स्प्रिंगरने तीन धावांचा होम रन मारला, ३-१ चे ३-४ झाले, तेव्हा मुलगा उठून आपल्या खोलीत निघून गेला. मॅरिनर्स १९७७ पासून खेळतायत आणि वर्ल्ड सिरीजपर्यंत कधीच न पोचलेला हा एकच संघ उरलाय. त्या दिवशी जिंकायला आठच बाद करायचे राहिले होते.

आता प्रश्नाकडे येते. मुलाने स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठा कागद लावलाय आणि त्यावर पुढच्या वर्षीच्या संघाचे २६ रकाने आखलेत. कॅचर रॅली. फर्स्ट बेस जॉश नेलर, कारण त्याच्याशी याच महिन्यात ५ वर्षांचा, ९ कोटी २५ लाख डॉलरचा करार झाला (त्या दिवशी घरात शिरा झाला होता). शॉर्टस्टॉप क्रॉफर्ड, सेंटर फील्ड हूलिओ, लेफ्ट अरोझारेना, राइटला रोब्लेस, रेली आणि कॅनझोन. पिचर कर्बी, गिल्बर्ट, वू, कास्टियो, मिलर, शेवटाला मुन्योझ. इथपर्यंत झरझर भरलं.

सेकंड बेस, थर्ड बेस आणि डीएच (फक्त बॅटिंग करणारा) या तीन रकान्यांपाशी मात्र दोन आठवडे अडलोय. तिथे खेळणारे पोलांको आणि युहेनिओ सुआरेझ दोघेही फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही संघात जायला मोकळे झालेत. आमच्या शंका अशा आहेत.

सासऱ्यांचा प्रश्न सगळ्यात साधा आहे आणि मला त्याचंच उत्तर देता येत नाही. ते म्हणतात, "ज्याने मॅच जिंकून दिली त्याला मोकळा कसा सोडतात? आणि पैशाची मर्यादा नाही म्हणता, मग अडलंय कुठे?" आयपीएलमध्ये १२५ कोटींची पर्स असते, संपली की संपली, हे त्यांना कळतं. इथे ती भिंतच दिसत नाही.

दुसरी शंका मुलाची. २६ जणांचा संघ असतो, मग सगळीकडे ४० चा आकडा का येतो? १८ नोव्हेंबरला कुणाला तरी "वाचवलं" अशा बातम्या होत्या. कुणापासून वाचवलं?

तिसरी माझी. हॅरी फोर्ड नावाचा बावीस वर्षांचा कॅचर आपल्याकडे आहे, २०२१ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पहिल्या फेरीत घेतलेला. सगळे लिहितायत की त्याला ट्रेड करणार, म्हणजे दुसऱ्या संघाशी अदलाबदलीत देणार. इतका चांगला मुलगा, चार वर्षं घडवलेला, तो द्यायचा कशाला? आणि याला कुणी विचारतं की नाही? याच महिन्यात जाडेजा चेन्नईहून राजस्थानला गेला आणि सॅमसन चेन्नईला आला, पण तिथे खेळाडूची संमती लागते असं वाचलं.

वेबसाइट बघितल्या. प्रत्येक जण आधीच सगळं माहीत असल्यासारखं लिहितो. कुणीतरी मराठीत नीट बसून समजावलं तर तिघांचंही भलं होईल.

प्रतिसाद: जुना_किंगडोम (रेंटन)

ताई, मी २००१ पासून हा संघ बघतोय. ११६ सामने जिंकलेलं वर्ष पाहिलं आणि त्यानंतरची प्लेऑफविना गेलेली वीस कोरडी वर्षंही पाहिली. तेव्हा बसून लिहितो.

काकांना सांगा, भिंत आहे, पण ती नियमाने बांधलेली नाही. पगारांची बेरीज ठरावीक रेषेच्या वर गेली तर दंडाचा कर भरावा लागतो. २०२६ साठी ती रेषा २४ कोटी ४० लाख डॉलरवर आहे. आपण तिच्या बरेच खाली असतो. आपली मर्यादा मालक दर वर्षी ठरवतात, आणि नेलरच्या करारात तिचा मोठा भाग गेला. ते योग्यच झालं असं माझं मत आहे. तो अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि त्याला इथे खेळायला मनापासून आवडतं. ही दुसरी गोष्ट फार मोलाची आहे. आपल्या मैदानावर समुद्रालगतच्या थंड हवेत चेंडू लांब जात नाही, त्यामुळे मोठे बॅटर स्वतःहून इथे यायला नाखूश असतात. म्हणून हा संघ ड्राफ्ट आणि ट्रेडवर जगतो.

पोलांकोला कुणी "सोडलेलं" नाही. त्याचा करार संपला आणि आता तो बाजारात आपली किंमत बघतोय. गेल्या वर्षी त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, तेव्हा तो ७७ लाख ५० हजार डॉलरला परत आला. यंदा २६ होम रन मारले. आता त्याने मोठी रक्कम मागितली तर तो त्याचा हक्क आहे. सुआरेझचे दोन्ही संघांत मिळून ४९ होम रन आहेत, पण वय ३४ आणि स्ट्राइकआउट (चेंडू न लागताच बाद होणं) फार. टोरांटोविरुद्ध पाचव्या सामन्यातला त्याचा ग्रँड स्लॅम (चार धावांचा होम रन) मी मरेपर्यंत विसरणार नाही. तरीही तीन वर्षांचा करार मी त्याला देणार नाही.

आता ४०. सामन्याच्या संघात २६ असतात आणि त्यांत पिचर जास्तीत जास्त १३. पण क्लबचा पक्का हक्क ज्यांच्यावर आहे त्यांची यादी ४० ची. हे २६ त्यातलेच, बाकीचे बहुतेक टॅकोमाला, आपल्या खालच्या संघात, मायनर लीगमध्ये. जे मायनरमध्ये चार-पाच वर्षं काढूनही या ४० त नाहीत, त्यांना डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरा कुठलाही संघ १ लाख डॉलर भरून उचलू शकतो. उचलणाऱ्याची अट एवढीच की त्याला पूर्ण हंगाम आपल्या २६ मध्ये ठेवायचं, नाहीतर जुन्या संघाला परत देऊ करायचं. क्लबने पोरांना वर्षानुवर्षं खाली कुजवू नये म्हणून हा नियम आहे. तुमच्या मुलाने वाचलेलं "वाचवणं" ते हेच, १८ तारखेपर्यंत ४० त नाव घालणं. यादी भरलेली असेल तर नाव घालताना दुसरं काढावं लागतं, हे लक्षात ठेवा.

पगाराचं म्हणाल तर पहिली तीन वर्षं खेळाडू जवळपास किमान पगारावर असतो, २०२६ मध्ये ७ लाख ८० हजार डॉलर. मग तीन वर्षं लवाद. क्लब एक आकडा देतो, खेळाडू एक देतो, जमलं नाही तर लवाद दोनातला एकच निवडतो, मधला आकडा काढता येत नाही. सहा वर्षं भरली की माणूस मोकळा. म्हणून वू किंवा मिलरसारखे तरुण पिचर सोन्याच्या मोलाचे. त्यांच्यामुळे नेलर परवडतो.

प्रतिसाद: डावखुरा_अंदाज (न्यू जर्सी)

मी न्यूयॉर्कच्या मेट्स संघाचा चाहता, तरी बोलतो. फोर्डबद्दल तुमचं हळहळणं समजतं, पण भिंतीवरचा कागद बघा. रॅली यंदा १५९ सामने खेळला. ज्या दिवशी कॅच करत नाही त्या दिवशी डीएच असतो. त्याचा करार पुढची कित्येक वर्षं आहे. मग फोर्ड खेळणार कधी? आठवड्यातून एक दिवस? बावीसाव्या वर्षी बाकावर बसवलं तर त्याचंही नुकसान आणि तुमचंही, कारण न खेळणाऱ्याची किंमत दर महिन्याला उतरते. त्याला ज्या संघाकडे कॅचर नाही तिथे जाऊ द्या.

संमतीचं म्हणाल तर नाही, इथे विचारत नाहीत. करारात तसं कलम असेल तर वेगळं, किंवा दहा वर्षं मेजर लीगमध्ये (वरच्या पातळीवर) आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात झाली असतील तर नकार देता येतो. नेलर आणि सुआरेझ दोघेही जुलैत एका आठवड्याच्या आत ॲरिझोनाहून उचलून तुमच्याकडे आणले होतेच की. तेव्हा कुणी हळहळलं नाही.

आणि एक. तुम्ही तिघेही बॅटरचे रकाने बघताय. सातव्या सामन्याची सातवी इनिंग पुन्हा आठवा. पिचर वू दोन जण बेसवर ठेवून गेला, त्याच्या जागी बझार्डो आला आणि सामना गेला. बुलपेनमध्ये (नंतर उतरणाऱ्या पिचरांत) भरवशाचा डावखुरा एकटा स्पायर आहे. खरी उणीव तिथे आहे.

मूळ लेखिका, २६ नोव्हेंबर

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. काल जेवताना सगळं वाचून दाखवलं. सासऱ्यांना "करार संपला आणि तो बाजारात गेला" हे पटलं. म्हणाले, मग त्याने हवे तेवढे पैसे घ्यावेत, गुडघा गेल्यावर कोण विचारतं.

न्यू जर्सीकर, तुमचं शेवटचं वाक्य मुलाला लागलं. ॲरिझोनातही कुणीतरी बारा वर्षांचा मुलगा नेलरसाठी रडला असेल, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

आता थर्ड बेसचं विचारते. बेन विल्यमसनचा हात उत्तम आहे, पण बॅट हलकी. सेकंडला कोल यंग मे अखेरीस मायनर लीगमधून वर आला आणि त्याचीही बॅट चालली नाही. लिओ रिवासने त्या पंधरा इनिंगच्या सामन्यात स्वतःच्या वाढदिवशी बरोबरीचा फटका मारला, म्हणून सासऱ्यांनी त्याचं नाव पेन्सिलीने लिहून ठेवलंय. मुलगा म्हणतो मायनर लीगमधल्या कोल्ट एमर्सनला सुरुवातीपासून खेळवा. तो फक्त वीस वर्षांचा आहे. वीस वर्षांच्या पोराला इतक्या मोठ्या अपेक्षेखाली उभं करणं बरोबर आहे का?

प्रतिसाद: जुना_किंगडोम (रेंटन)

वयापेक्षा तयारी बघावी. हूलिओ २०२२ मध्ये एकवीस वर्षांचा होता आणि पहिल्या दिवसापासून खेळला. ज्याचं नाव उगवत्यांच्या यादीत वर आहे त्याला पूर्ण वर्ष खेळवलं आणि तो रुकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू) झाला, तर क्लबला ड्राफ्टमध्ये एक जादा निवड मिळते. पूर्वी क्लब अशा पोरांना मुद्दाम काही आठवडे खाली ठेवायचे, म्हणजे मोकळं होण्याची सहा वर्षं एक वर्षाने लांबायची. ते थांबावं म्हणून हे बक्षीस आणलं. हूलिओमुळे ती निवड पहिल्यांदा आपल्यालाच मिळाली, २०२३ मध्ये. त्याच ड्राफ्टमध्ये बाविसाव्या क्रमांकावर एमर्सन घेतला.

तरी मी घाई करणार नाही. एमर्सन टॅकोमाला पोचलाय तो अगदी हंगामाच्या शेवटी. तिथे त्याला दोन महिने नीट खेळू द्या. क्रॉफर्डचा करार २०२६ नंतर संपतोय, शॉर्टस्टॉपची जागा त्याच्यासाठीच मोकळी होतेय. तोवर थर्डला विल्यमसन आणि सेकंडला एखादा अनुभवी माणूस ट्रेडने आणावा. आणि मुलाला घेऊन एप्रिलमध्ये टॅकोमाला जा. चेनी स्टेडियम लहान आहे, अगदी जवळून बघता येईल.

मूळ लेखिका, १४ डिसेंबर

धागा वर काढतेय, कारण कागद पुन्हा बदलला.

फोर्ड वॉशिंग्टनला गेला. बदल्यात होसे फेरर आला, डावखुरा रिलीव्हर (नंतर उतरणारा पिचर), जोरात टाकणारा. न्यू जर्सीकर, तुम्ही बोट ठेवलं होतं तीच जागा. मुलगा पहिल्या दिवशी गप्प होता. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः फोर्डचं नाव खोडलं नाही, कागदाच्या कडेला नेऊन लिहिलं आणि पुढे "वॉशिंग्टन" असं लिहिलं. त्याचे सामनेही बघायचे ठरलेत.

पोलांको तुमच्या मेट्सकडे गेला, २ वर्षांचे ४ कोटी डॉलर. सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, चांगलं झालं, कष्टाचं मिळालं. त्यांचं परतीचं तिकीट या शुक्रवारचं आहे. जाताना कागदाचा फोटो काढून नेणार आहेत आणि रोज सकाळी सांगलीत स्कोअर विचारणार आहेत.

डीएचचा रकाना अजून कोरा आहे, सुआरेझचं काही ठरलेलं नाही. सेकंडसाठी कुणा-कुणाची नावं घेता येतील ती सुचवा, शक्यतो डावखुरे बॅटर, आणि त्याबदल्यात आपल्याला कोण द्यावं लागेल तेही लिहा. आता ते लिहिल्याशिवाय मुलगा नाव चढवू देत नाही.